कपाटातला नरसिंह

पुस्तकाला एक वरचा अर्थ असतो आणि एक खालचा अर्थ असतो, असं मानणाऱ्या लोकांची मला फार भीती वाटते. वरचा अर्थ फुकट मिळतो, म्हणून त्याला किंमत नसते. खालचा अर्थ खणून काढावा लागतो, आणि खणणारा घामाघूम झालेला असल्यामुळे हाताला जे लागेल ते सोनंच आहे असं तो धरून चालतो. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी ती म्हातारी म्हणजे जीवात्मा आणि भोपळा म्हणजे देह, असं मी एका व्याख्यानात ऐकलं आहे. त्या दिवसापासून भोपळ्याची भाजी पानात पडली की आपण कुणाच्या तरी देहाचा अपमान करतो आहोत, असं वाटत राहतं.

पण एखाद्या पुस्तकाच्या तळाशी खरोखरच अर्थ पुरलेला असेल आणि लेखकानंच तशी कबुली दिली असेल, तर काय करायचं? आणि ते पुस्तक नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं असेल तर? हा प्रश्न आमच्या भाईंदरच्या सोसायटीत उपस्थित झाला. आमच्याकडे प्रश्न उपस्थित होतात ते पाण्याच्या टँकरचे आणि पार्किंगचे. साहित्याचा प्रश्न प्रथमच उपस्थित झाला, म्हणून सभासदांची उपस्थितीही बरी होती. सोसायटीच्या ऑफिसात स्टीलचे दोन रॅक आहेत, त्यांना आम्ही बालवाचनालय म्हणतो. त्यातलं एक पुस्तक काढून टाकावं, अशी सूचना आली होती.

पुस्तकाचं नाव 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. लेखक सी. एस. लुईस, प्रकाशनाचं साल १९५०. १९५६ पर्यंत याच मालिकेची आणखी सहा पुस्तकं निघाली, आणि या सातांना मिळून नार्नियाच्या कथा म्हणतात. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना चार भावंडांना खेड्यातल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसराच्या घरी पाठवतात. तिथल्या एका रिकाम्या खोलीत एक कपाट असतं. धाकटी ल्यूसी त्यात शिरते, फरचे कोट बाजूला सारत आत आत जाते, आणि पायाखाली बर्फ लागतं. हा नार्निया. तिथे एका चेटकिणीनं कायमचा हिवाळा करून ठेवलेला आहे. हिवाळा आहे, पण नाताळ म्हणून कधी येत नाही.

आता हे कपाट भाईंदरच्या मुलाला पटवणं सोपं नाही. आमच्या घरातलं कपाट लोखंडी. ते उघडलं की प्रथम अंगावर येतात त्या गेल्या लग्नात आलेल्या आणि पुढच्या लग्नात द्यायच्या साड्या. साड्यांमागे पत्रा, पत्र्यामागे भिंत आणि भिंतीमागे शेजारी. तरीही कुणी आत आत गेलंच, तर नार्नियाऐवजी शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये निघेल आणि प्रकरण पोलिसांत जाईल. पण ल्यूसी कपाटाचं दार उघडते तेव्हा आतून दोन डांबरगोळ्या घरंगळत बाहेर येतात, एवढं वाचलं की आमची पोरं विश्वास ठेवतात. डांबरगोळ्या आहेत, म्हणजे कपाट खरं आहे. परक्या जगात शिरायला ओळखीचा एवढा एक वास पुरतो.

चौघांतला एडमंड मिठाईच्या लोभानं चेटकिणीला फितूर होतो. ही मिठाई म्हणजे टर्किश डिलाइट. दिसायला आपल्या रबरी मुंबई हलव्याची चुलतबहीण. (हाच एडमंड इकडे जन्मला असता, तर खाडीपलीकडच्या वसईच्या सुकेळ्यांवर भागलं असतं.) नार्नियाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक फितुराच्या प्राणावर चेटकिणीचा हक्क. तेव्हा त्या जगाचा खरा धनी, अस्लान नावाचा सिंह, एडमंडच्या जागी स्वतः मरायला तयार होतो. त्याला बांधतात, त्याची आयाळ भादरतात, त्याची टिंगल करतात आणि दगडी मेजावर त्याला मारतात. सुसान आणि ल्यूसी लपून हे बघत असतात. सकाळ होता होता मेज कडाड्कन दुभंगतं आणि अस्लान जिवंत होऊन समोर उभा राहतो.

येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा ज्यानं एकदाही ऐकली आहे, त्याला इथे गाइड लागत नाही. दगडी मेज म्हणजे क्रूस. टिंगल ती शिपायांनी केलेली. दोन मुली म्हणजे पहाटे थडग्याशी गेलेल्या स्त्रिया. अस्लानचा बाप समुद्रापलीकडचा सम्राट, म्हणजे आकाशातला बाप. एडमंड म्हणजे यहूदा म्हणा, किंवा सरळ आपण सगळे म्हणा.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं. "हे पुस्तक मुलांना गुपचूप बाटवतं," असं त्यांनी सभेत सांगितलं. त्यांनी ते वाचलेलं नव्हतं. ज्यावर आक्षेप घ्यायचा ते वाचू नये, वाचलं की आक्षेपाची धार जाते, असं त्यांचं तत्त्व आहे. दुसरा आक्षेप आला तो मूळच्या उत्तनच्या, चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या एका मावशींकडून. त्यांनी पुस्तक नातवाकडून वाचून घेतलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळं ठीक आहे हो भाऊ, पण आमच्या देवाला शेपूट कशाला लावलं?"

म्हणजे एका पक्षाला हे पुस्तक फार ख्रिस्ती वाटत होतं आणि दुसऱ्या पक्षाला ते पुरेसं ख्रिस्ती वाटत नव्हतं. एखादं पुस्तक नीट वाचावं असं वाटायला मला याहून मोठी शिफारस लागत नाही.

प्रथम लेखकाची चौकशी करू. लुईस १८९८ साली बेलफास्टला जन्मला आणि पुढे ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकवू लागला. तरुणपणी तो नास्तिक होता. १९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री जे. आर. आर. टोल्किन आणि ह्यूगो डायसन या दोन मित्रांशी त्याचा पहाटेपर्यंत वाद झाला. पुढे काही दिवसांनी भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून तो व्हिप्सनेडचं प्राणिसंग्रहालय बघायला गेला. निघताना येशू हा देवाचा पुत्र आहे यावर त्याचा विश्वास नव्हता, पोचला तेव्हा होता. वाटेत आपण फार विचार केला असंही नाही, असं तो स्वतःच लिहितो. भाईंदरहून चर्चगेटला दारात लटकत जाणाऱ्या माणसाचा प्रवासात देवावर विश्वास बसतो, यात नवल नाही. पण साइडकारमध्ये आरामात बसून, तेही प्राणिसंग्रहालयाच्या वाटेवर, तो बसावा हे विशेष आहे. आणि त्यानंतर एकोणीस वर्षांनी याच माणसानं देवाला सिंह केलं, तर मावशींनी दोष लुईसला द्यावा की त्या सहलीला?

गंमत अशी, की ज्या टोल्किननं त्याला देवाच्या दारापर्यंत नेलं, त्यालाच हे पुस्तक आवडलं नाही. रोमन पुराणातले बकरपाये फॉन, युरोपातली चेटकीण, त्यातच मधे सांताक्लॉज, ही सरमिसळ त्याला खपली नाही. लुईसचं म्हणणं असं, की आपण धर्म शिकवायला बसलोच नव्हतो. सोळाव्या वर्षापासून डोक्यात एक चित्र होतं: बर्फातून एक फॉन छत्री आणि पुडकी घेऊन चालला आहे. गोष्ट त्या चित्रातून निघाली. सिंह नंतर उडी मारून आत आला, आणि येताना आपला धर्म घेऊन आला. हे रूपक नव्हे, असंही तो बजावतो. नार्नियासारखं जग खरंच असतं आणि ख्रिस्त तिथे अवतरला असता तर काय झालं असतं, अशी ती कल्पना आहे.

बरं, रूपक असतं तरी मराठी माणसानं दचकायचं कारण नव्हतं. आपण भारुडांवर वाढलेले लोक. नाथांच्या भारुडातला विंचू चावला की प्रेक्षक आधी पोट धरून हसतात, आणि मग तो विंचू आपल्याच आत आहे हे ऐकून गप्प होतात. नाथांनी आपल्याला फसवून अध्यात्म पाजलं, अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही.

आणि शेपटाचंच म्हणाल, तर देवाला नवे कपडे घालणारा लुईस हा काही पहिला इंग्रज नव्हे. त्याच्या आधी साडेतीनशे वर्षं थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला आणि मराठीत ओव्या रचायला बसला. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि त्यात ख्रिस्ती स्वर्गाला शब्द आहे वैकुंठ! त्याच्या श्रोत्यांना गोष्ट नवी होती, म्हणून त्यानं तिला ओळखीचा वेष दिला. लुईसची अडचण नेमकी उलटी. त्याच्या वाचकांना गोष्ट इतकी पाठ होती की ती कानावरून जाई, कानात शिरत नसे. देवाबद्दल आपल्याला अमुक वाटलंच पाहिजे, असं लहानपणी बजावल्यामुळे आपल्याला काहीच वाटेनासं झालं होतं, असं त्यानं लिहिलं आहे. म्हणून त्यानं ओळखीच्या गोष्टीला अनोळखी वेष दिला. एकानं परक्या पाहुण्याला धोतर नेसवलं. दुसऱ्यानं घरच्या माणसाला आयाळ लावली, म्हणजे घरचे निदान एकदा त्याच्याकडे वळून बघतील.

पण आमच्या भाईंदरच्या पोरांचं काय? त्यांना ना ती गोष्ट ठाऊक, ना तो वेष. लुईसनं त्यांचा विचार केलेला नव्हता. आणि मला वाटतं, हे पुस्तक खरं लागू पडतं ते त्यांनाच.

आमच्या मजल्यावरच्या, चौथीत शिकणाऱ्या एका मुलीनं ते वाचलं. सभेत तिला कुणी बोलावलं नव्हतं, कारण ती सभासद नव्हती. आणि शिवाय तिनं पुस्तक वाचलेलं होतं. जिन्यात मी तिला विचारलं, "काय गं, सिंह आवडला का?" ती चिडलेली होती. म्हणाली, "काका, त्यानं पंजा का नाही मारला?"

या एका प्रश्नात मला तमाम टीकाग्रंथांहून जास्त समीक्षा दिसते. आपल्या मुलांना सिंहरूपातला देव नवा नाही. खांब फुटतो, नरसिंह बाहेर येतो, हिरण्यकशिपूला उंबऱ्यावर मांडीवर घेतो आणि नखांनी फाडतो. आपला सिंह मारायला येतो. त्यामुळे अस्लान दगडी मेजाकडे चालू लागला की आमची मुलगी सरसावून बसते: आता गर्जना, आता नखं! आणि तो सिंह मुकाट्यानं बांधून घेतो. दोषी मुलगा मागे सुखरूप, आणि निर्दोष सिंह मेजावर. वधस्तंभावरच्या मरणाची कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना कशी बसली असेल, तशी ती या मुलीला बसली. रविवारच्या शाळेत जाणाऱ्या इंग्रज मुलाला हा धक्का बसणं कठीण. गुड फ्रायडेनंतर रविवार येतो, हे त्याला कॅलेंडरवरूनच ठाऊक. किल्ली ज्याच्या खिशात आहे, त्याला बंद दाराची भीती कशी वाटणार?

पुढची कलाटणी मात्र तिला चटकन पटली. चेटकिणीला प्राचीन जादूचा कायदा ठाऊक होता, पण त्याहूनही प्राचीन कलम ठाऊक नव्हतं: निरपराध्यानं स्वखुशीनं दुसऱ्यासाठी प्राण दिला, तर मेज फुटतं आणि मृत्यूच मागे फिरतो. वरदानातली पळवाट हा आपल्या पुराणांचा आवडता विषय आहे. हिरण्यकशिपूनंही दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको, असा पक्का करार लिहून घेतला होता. तिन्हीसांज आणि उंबरा तेवढा राहून गेला. बारीक टायपातलं न वाचता सही करू नये, हा धडा दोन्हीकडे एकच आहे. फ्लॅट घेतलेल्या कुठल्याही भाईंदरकराला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट तिला अजून पटलेली नाही. परत आलेल्या एडमंडला अस्लान बाजूला नेऊन काहीतरी बोलतो, आणि मग त्याच्या भावंडांना सांगतो की झाल्या गोष्टीबद्दल आता त्याच्याशी बोलायचं कारण नाही. बस्स. आपल्याकडे असं नसतं. सूर्याजी पिसाळाला आपण तीनशे वर्षं झाली तरी सोडलेलं नाही. रामाच्या बाजूनं लढलेल्या बिभीषणाचंही म्हणीत 'घरका भेदी' करून टाकलं. फितुरानं फितूर म्हणूनच मरावं, ही आपली रीत. हा पोरगा मात्र पुढे राजा होतो, आणि न्यायी राजा म्हणून ओळखला जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मुलांच्या मनावर परका संस्कार होईल अशी धास्ती होती. होईल खरा. झालेली चूक जेवायच्या टेबलावर रोज उगाळू नये, हा तो संस्कार. आमच्या कित्येक घरांत तो परकाच आहे.

याचा अर्थ लुईसचं सगळंच साधलं आहे असं नाही. गोष्ट बाजूला सारून अर्थच पुढे आला, की तो फसतो. आता हा सांताक्लॉजच घ्या. नार्नियात तो भेटवस्तू घेऊन येतो, पण तिथे येशू जन्मलाच नाही, तर नाताळ कुणाचा? मालिकेच्या शेवटच्या 'द लास्ट बॅटल' या पुस्तकात थोरली सुसान अस्लानच्या देशात नसते, कारण तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची आमंत्रणं यांतच रस उरला आहे. म्हणजे फितूर एडमंडला क्षमा, आणि लिपस्टिक लावणारीला दार बंद! फिलिप पुलमन या बालसाहित्यिकानं १९९८ साली याच कारणावरून लुईसची चामडी लोळवली, आणि ते योग्यच झालं. शिवाय नार्नियाचे शत्रू कालोर्मेन हे सावळे, पगडीवाले लोक आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्यांना आक्षेप घ्यायचाच होता, तर इथे जागा होती. पण त्यासाठी सातव्या पुस्तकापर्यंत वाचत जावं लागलं असतं.

आणि तिथवर वाचलं असतं, तर त्याच पुस्तकात त्यांना एमेथही भेटला असता. हिब्रूत या शब्दाचा अर्थ सत्य. हा कालोर्मेनचा तरुण शिपाई, जन्मभर ताश या दुसऱ्याच देवाचा भक्त. तो मरणानंतर घाबरत अस्लानसमोर येतो. अस्लान त्याला सांगतो, की तू ताशची म्हणून मनापासून केलेली सेवा माझ्याकडेच जमा आहे. इतर देवतांना श्रद्धेनं भजणारेही मलाच भजतात, हे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितलेलं आहे. बाटवायला निघालेला लेखक शेवटच्या पानांत इतका गीतेच्या जवळ जातो, म्हटल्यावर कोण कोणाला बाटवत होतं, याचा हिशेब सोसायटीच्या ऑडिटरलाही लागणार नाही.

मावशींच्या शेपटाचा निकाल मात्र मालिकेतल्याच दुसऱ्या एका पुस्तकानं लागला. १९५२ च्या 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर'मध्ये मुलं जगाच्या टोकाला पोचतात. तिथे एक शुभ्र कोकरू उभं असतं, शेजारी विस्तवावर मासे भाजत असतात, आणि ते मुलांना न्याहारीला बोलावतं. मग तेच कोकरू सिंह होतं, आणि तुमच्या जगात माझं नाव वेगळं आहे, असं सांगतं. समीक्षक इथे योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय दाखवतात. रात्रभर जाळं टाकून हात हलवत परतणाऱ्या कोळ्यांना किनाऱ्यावरून येशू जाळं कुठे टाकायचं ते सांगतो, आणि ती माणसं काठाला लागतात तेव्हा निखाऱ्यावर मासे तयार असतात. हे मी मावशींना सांगितलं. त्यांना अध्याय सांगावा लागला नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासात त्यांचा जन्म गेलेला. मोकळ्या जाळ्यानं परतलेली होडी कशी दिसते हे त्यांना लुईसहून जास्त ठाऊक. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "रात्रभराच्या उपाशी माणसाला आधी जेवायला घातलं ना? मग तोच तो. शेपूट असू दे."

पुस्तक रॅकवर राहिलं. ठराव असा झाला, की ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी ते आधी घरी नेऊन वाचावं. त्यामुळे आक्षेप संपले.

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी खाडीपलीकडची वसई घेतली आणि तिथल्या चर्चांच्या घंटा देशावर नेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर, एक वाईजवळ मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. या घंटांवर कुठल्या देवाचं नाव कोरलं आहे, ते खाली उभं राहून मान वर करणाऱ्यालाच दिसतं. बाकीच्यांना नुसता नाद ऐकू येतो, आणि पोचायचं तिथे तो पोचतो. पुस्तकाचंही मला तसंच वाटतं. कोरलेलं वाचता आलं तर आनंदच आहे. पण घंटा मुळात वाजते की नाही, ते आधी बघावं. लुईसची घंटा बहुतेक वेळा छान वाजते. अधूनमधून ती थांबते आणि तो स्वतः बोलू लागतो. तेवढ्यापुरतं प्रसादाच्या रांगेतल्या माणसासारखं इकडे-तिकडे बघत उभं राहावं.